माइनक्राफ्टमध्ये कमांड वापरून नको ते ब्लॉक काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातली तीन मुलं आणि त्यांचे मित्र मिळून माइनक्राफ्टचं एक जग चालवतात. त्या जगाची ऑपगिरी (ऑपरेटरपद, कमांड चालवायचा अधिकार) माझ्याकडे आहे. म्हणजे बांधायचं त्यांनी आणि पसारा आवरायचा मी. पसारा आवरता आवरता जे शिकलो आणि मुलांनी, त्यांच्या आईबापांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. नावात जिथे आडवी खालची रेघ दिसेल तिथे अंडरस्कोर द्यायचा, मोकळी जागा सोडायची नाही.

ब्लॉक काढायची कमांड नेमकी कोणती?

'काढणे' अशी कमांडच नाही. माइनक्राफ्टच्या लेखी रिकामी जागा हाही एक ब्लॉकच आहे, त्याचं नाव एअर. त्यामुळे ब्लॉक काढायचा म्हणजे त्याच्या जागी हवा भरायची. एकच ब्लॉक असेल तर सेटब्लॉक आणि अख्खा भाग असेल तर फिल. फिल जावा आवृत्तीत (कॉम्प्युटरवरची मूळ आवृत्ती) २०१४ साली १.८ बरोबर आली. त्याआधी कुदळ आणि चिकाटी एवढंच हाताशी होतं.

समजा भोवतालची फक्त खडी काढायची आहे :

/फिल ~-१० ~-३ ~-१० ~१० ~५ ~१० एअर रिप्लेस ग्रॅव्हल

पहिले तीन आकडे म्हणजे खोक्याचा एक कोपरा, पुढचे तीन म्हणजे त्याच्या समोरचा कोपरा. मग काय ठेवायचं ते, म्हणजे हवा. मग रिप्लेस, आणि शेवटी कोणाला हटवायचं त्याचं नाव. हा शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो विसरलात तर खोक्यातलं सगळंच हवेत जातं : भिंती, छप्पर, पेट्या आणि तुमच्या पायाखालची जमीनसुद्धा. ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते.

कमांड बरोबर आहे, तरी लाल अक्षरांत चूक दाखवतो. का?

आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडे देवनागरी उमटतात आणि गेमला '१०' हा आकडाच वाटत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. फोनवर ती नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, चिन्हांच्या दुसऱ्या पानावर दडलेली असते.

दुसरं कारण मोकळ्या जागेचं. टिल्ड आणि उणे दहा यांच्यात जागा सुटली, तर गेम ते दोन वेगळे आकडे धरतो आणि पुढचं सगळं एक घर सरकतं.

माझ्या जगात कमांडच चालत नाहीत.

कमांडची परवानगी बंद असेल. जावा आवृत्तीत जग तयार करतानाच ती देता येते. तेव्हा राहून गेलं असेल तर एस्केप दाबून 'ओपन टू लॅन' निवडा, कमांडची परवानगी चालू करा आणि जग सुरू करा. ही सोय तेवढ्या बैठकीपुरतीच असते. सर्व्हरवर तुम्हाला ऑप असावं लागतं.

बेडरॉकमध्ये, म्हणजे फोन, टॅब्लेट आणि कन्सोलवरच्या आवृत्तीत, जगाच्या सेटिंगमध्ये चीट्सचं बटण आहे. ते दाबण्याआधी थांबा. एकदा चीट्स चालू केले की त्या जगात अचीव्हमेंट कायमच्या बंद होतात. नंतर चीट्स बंद केले तरी त्या परत येत नाहीत. आधी जगाची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा.

कोपऱ्यांचे आकडे कसे शोधायचे?

जावात एफ-३ दाबा. डावीकडे तुम्ही कुठे उभे आहात ते दिसतं आणि उजवीकडे तुम्ही रोखून पाहत असलेल्या ब्लॉकचा पत्ता आणि नाव. बेडरॉकमध्ये सेटिंगमधून 'शो कोऑर्डिनेट्स' चालू करा.

क्रम एक्स, वाय, झेड. मधला वाय म्हणजे उंची. कागदावरच्या गणिताची सवय असल्यामुळे मुलं उंची हमखास शेवटी लिहितात आणि मग खोकं भलत्याच ठिकाणी उभं राहतं. कोपरे कोणते आधी द्यायचे याला बंधन नाही, फक्त ते समोरासमोरचे हवेत.

टिल्ड म्हणजे 'मी उभा आहे तिथून'. ~ ~ ~ म्हणजे तुमचे पाय आहेत तो ब्लॉक, आणि ~ ~-१ ~ म्हणजे ज्यावर उभे आहात तो.

'फार जास्त ब्लॉक आहेत' असं सांगून नकार देतो. मर्यादा किती?

एका फिलला ३२,७६८ ब्लॉक. म्हणजे ३२ × ३२ × ३२ चा घन. खडीचे ब्लॉक पाचच असले तरी मोजला जातो तो अख्खा खोका, हे लक्षात घ्या. १०० बाय १०० चं अंगण चार थर खोल घेतलंत तर ४०,००० होतात आणि नकार मिळतो. तीन थर घेतलेत तर काम होतं.

मोजताना दोन्ही टोकं धरायची. ~-१६ पासून ~१५ पर्यंत बरोबर ३२ भरतात. ~-१६ पासून ~१६ लिहिलंत तर ३३ होतात, आणि ३३ चा घन ३५,९३७. एका आकड्यासाठी कमांड परत येते आणि माणूस पंधरा मिनिटं स्पेलिंग तपासत बसतो.

एक सोयीचा हिशेब सांगतो. जगाची उंची १.१८ पासून उणे ६४ ते ३१९ आहे, म्हणजे ३८४ थर. गेम जगाचे जे उभे तुकडे पाडतो त्यांना चंक म्हणतात; एक चंक १६ × १६. तळापासून माथ्यापर्यंत एक चंक म्हणजे ९८,३०४ ब्लॉक, ३२,७६८ च्या बरोबर तिप्पट. त्यामुळे उणे ६४ ते ६३, ६४ ते १९१ आणि १९२ ते ३१९ अशा तीन कमांडमध्ये अख्खा चंक धुऊन निघतो.

जावात १.१९.४ पासून ही मर्यादा गेमरूलने, म्हणजे जगाचा नियम बदलणाऱ्या कमांडने, वाढवता येते : कमांडमॉडिफिकेशनब्लॉकलिमिट. अगदी नव्या आवृत्त्यांत गेमरूलची नावं बदलली आहेत, तेव्हा टॅब दाबून यादी पाहा. मर्यादा वाढवा, पण कोटींत नेऊ नका. एक टिक, म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका, साठ सेकंदांच्या वर रेंगाळला तर सर्व्हर हँग झाला असं समजून तो स्वतःच बंद पडतो. बेडरॉकमध्ये मर्यादा आहे तेवढीच, तिथे तुकडे पाडण्याला पर्याय नाही.

गवत काढायला गेलो आणि जमीनच गेली. असं कसं?

या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवाने देतो.

दिवाळीत भाचीने जगात किल्ला केला होता. खऱ्या किल्ल्यावर अळीव पेरतात तसं तिने उतारावर बोनमील (हाडांचं खत) टाकून गवत उगवलं होतं, आणि मावळे म्हणून आर्मर स्टँड (चिलखत अडकवायचे पुतळे) उभे केले होते. बोनमीलने मधे मधे उंच गवताचे झुपके आले आणि पायऱ्या झाकल्या गेल्या. मला म्हणाली, "मामा, तेवढं गवत काढून दे." मी 'ग्रास' एवढं लिहून टॅब दाबला, समोर आलेलं पहिलं नाव न वाचता घेतलं आणि एंटर मारलं. ते नाव होतं ग्रास_ब्लॉक, म्हणजे हिरव्या पाठीची माती. किल्ल्याचा अख्खा हिरवा थर गायब झाला, त्यावरची फुलं तुटून उडाली आणि सगळे मावळे एक पायरी खाली येऊन उघड्या मातीवर उभे राहिले. ती काही बोलली नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तर गवताची नावं तीन आहेत. ग्रास_ब्लॉक म्हणजे जमीन. शॉर्ट_ग्रास म्हणजे बुटकं गवत, ज्याला जावात १.२०.३ च्या आधी नुसतं ग्रास म्हणत. टॉल_ग्रास म्हणजे दोन ब्लॉक उंच गवत. मला तिसरं हवं होतं.

मग कमांड उलटवता येत नाही का?

नाही. फिलला अंडू नाही. किल्ल्याच्या त्या प्रकारानंतर मी थेट हवा भरणं सोडलं. आता दोन पायऱ्यांत जातो. पहिल्या कमांडने नको असलेला ब्लॉक मजेंटा काँक्रीटने बदलतो :

/फिल ~-१० ~-३ ~-१० ~१० ~५ ~१० मजेंटा_काँक्रीट रिप्लेस ग्रॅव्हल

मग उडत वर जातो आणि पाहतो. भडक गुलाबी डाग जिथे अपेक्षित आहेत तिथेच असले, तर दुसऱ्या कमांडने मजेंटाच्या जागी हवा. एखादा डाग देवळाच्या कळसावर दिसला तर मजेंटाच्या जागी परत खडी, आणि कुणाला काही कळतही नाही. मजेंटा एवढ्यासाठी, की आमच्याकडे तो रंग अजून कुणी बांधकामात वापरलेला नाही. तुमच्याकडे कोणी वापरत असेल तर दुसरा निवडा. लोकर नको, जवळ लाव्हा असला तर ती पेट घेते.

ही युक्ती साध्या, एकसारख्या ब्लॉकपुरतीच चालते. जिने, दारं, लाकडाचे ओंडके यांना दिशा असते. एकदा काँक्रीट झालं की ती दिशा विसरली जाते. मातीचं काँक्रीट केलंत तर तिच्यावरचं गवत आणि फुलं लगेच तुटतात. अशा ठिकाणी आधी क्लोन कमांडने त्या भागाची प्रत आकाशात काढून ठेवा. तिलाही ३२,७६८ चीच मर्यादा आहे, पण दिशा आणि पेट्यांतलं सामान दोन्ही शाबूत राहतं. काम मोठं असेल तर गेम बंद करून जगाचं अख्खं फोल्डर कॉपी करा. एवढा कंटाळा कधीच करू नये.

'एकही ब्लॉक बदलला नाही' असं येतं. ब्लॉक तर समोर दिसतोय!

नाव चुकलेलं आहे. डोळ्यांना एक वाटणारी वस्तू गेमला दोन वाटू शकते. जावात जमिनीवरची मशाल म्हणजे टॉर्च, पण भिंतीवर ठोकलेली म्हणजे वॉल_टॉर्च. दोन्ही काढायच्या तर दोन कमांड. पाट्या, बॅनर आणि कवट्या यांचंही तसंच. रेडस्टोनची भुकटी जमिनीवर पडली की तिचं नाव रेडस्टोन_वायर होतं.

बर्फाने तर कहर केला आहे. जावात पातळ थर म्हणजे स्नो आणि पूर्ण ठोकळा म्हणजे स्नो_ब्लॉक. बेडरॉकमध्ये पातळ थर स्नो_लेअर आणि ठोकळा स्नो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन घरांत दोन अर्थ. कोळिष्टक जावात कॉबवेब, बेडरॉकमध्ये नुसतं वेब.

अंदाज करण्यापेक्षा जावात एफ-३ च्या पडद्यावर उजवीकडे खरं नाव वाचा. एफ-३ आणि एच एकत्र दाबलंत तर पेटीतल्या वस्तूंवरही नावं दिसू लागतात.

इंटरनेटवर नावाऐवजी आकडे असलेली कमांड सापडली, उदाहरणार्थ 'स्टोन १', तर ती जुनी आहे. २०१८ साली १.१३ मध्ये जावाने ते आकडे मोडीत काढले. तो 'स्टोन १' म्हणजे आजचा ग्रॅनाइट.

तळ्याचं पाणी काढलं, पुन्हा भरलं. पाणी कायमचं कसं काढायचं?

पाण्याचा स्वभावच तसा आहे. शेजारी दोन झरे, म्हणजे साचलेल्या पाण्याचे पूर्ण ब्लॉक, असले आणि खाली आधार असला की मधल्या जागेत तिसरा झरा आपोआप तयार होतो. लहान बंदिस्त तळं एका फिलमध्ये कोरडं होतं. समुद्राचा तुकडा काढलात तर कडेचं पाणी लगेच आत येतं. म्हणून आधी चारही बाजूंनी काचेची भिंत, मग आतलं पाणी.

बरेच जण पाण्यातल्या वनस्पतींपाशी अडकतात. केल्प, केल्प_प्लांट, सीग्रास आणि टॉल_सीग्रास यांच्या पोटात पाणी असतं, पण नाव वॉटर नसतं. 'रिप्लेस वॉटर' म्हणून त्या हटत नाहीत, आणि त्यांच्यातलं पाणी पुन्हा पसरतं. तुमच्या काचेच्या भिंतीतही त्यांच्या जागी भोकं राहतात. तेव्हा आधी या चौघी, मग भिंत, मग पाणी. बुडालेल्या जिन्यांत आणि कुंपणांत मुरलेलं पाणीही असंच लपतं. ते थोडं असेल तर रिकाम्या बादलीने हातानेच काढा. फिलने तो जिना नव्याने ठेवायला गेलात तर त्याचं तोंड फिरतं.

बेडरॉकमध्ये साचलेलं पाणी वॉटर आणि वाहतं पाणी फ्लोइंग_वॉटर, अशी दोन नावं आहेत. दोन्हींसाठी कमांड द्या.

खोक्याच्या आत ठेवण्यासारखं काहीच नसेल तर एक झटपट मार्ग आहे : शेवटी रिप्लेसऐवजी हॉलो लिहा आणि ब्लॉक म्हणून काच द्या. बाहेर काचेचं कवच, आत सगळी हवा. आत कुणाचं घर असेल तर तेही गेलं, एवढं पाहून घ्या.

झाडं काढायची आहेत, पण हाताने लावलेलं पानांचं कुंपण ठेवायचं आहे.

जावात हे फार सुंदर जमतं. माणसाने ठेवलेल्या पानांवर गेम 'पर्सिस्टंट' अशी खूण करतो, आपोआप उगवलेल्या पानांवर ती नसते. ब्लॉकच्या नावाआधी हॅश लावला की एका जातीचे सगळे ब्लॉक एकदम धरता येतात. मग :

/फिल ~-१५ ~ ~-१५ ~१५ ~२५ ~१५ एअर रिप्लेस #लीव्ह्ज[पर्सिस्टंट=फॉल्स]

जंगलाची पानं गेली, कुंपण जागेवर. खोडांसाठी #लॉग्ज. मात्र लाकडाला अशी खूण नसते, त्यामुळे टप्प्यात एखादी लाकडी झोपडी असेल तर तिचे खांबही जातील. बेडरॉकमध्ये हॅशची सोय नाही. तिथे ओक, बर्च, स्प्रूस असं एकेक नाव घेत बसावं लागतं.

पेटी काढली तर आतलं सामान मिळतं का?

रिप्लेसने काढलीत तर पेटी आणि सामान दोन्ही नाहीसं होतं. शेवटी डिस्ट्रॉय लिहिलंत तर ब्लॉक हाताने फोडल्यासारखा फुटतो आणि वस्तू खाली पडतात. एकट्या पेटीसाठी सेटब्लॉक ~ ~ ~ एअर डिस्ट्रॉय पुरे. हजारो ब्लॉकवर डिस्ट्रॉय वापरू नका. वस्तूंचा असा ढीग पडतो की गेम रांगायला लागतो. पडलेल्या वस्तू पाच मिनिटांनी आपोआप जातात, तेवढा धीर धरा.

दूरच्या भागावर कमांड दिली, तर 'ती जागा लोड झालेली नाही' म्हणतो.

फिल फक्त लोड झालेल्या चंकवर चालते. तिथे उडत जा, हे सर्वांत सोपं. नाही तर जागा लोड ठेवणारी कमांड द्या : जावात फोर्सलोड, बेडरॉकमध्ये टिकिंगएरिया. काम झाल्यावर ते काढून टाका. बेडरॉक एका जगात असे दहाच भाग ठेवू देतो.

दगड हटवून फक्त खनिजं दिसतील असं करता येईल का?

येईल, आणि एकदा तरी पाहावंच. जगाची प्रत काढा, तिच्यात एका चंकमध्ये उणे ६४ पासून १६ पर्यंत #बेस_स्टोन_ओव्हरवर्ल्ड या जातीचे ब्लॉक काढा. यात साधा दगड, ग्रॅनाइट, डायोराइट, अँडेसाइट, टफ आणि डीपस्लेट सगळे येतात. ८१ थर, २०,७३६ ब्लॉक, एकाच कमांडमध्ये. मग हिरे अधांतरी लटकलेले दिसतात आणि जितकं खाली जावं तितके दाट होत जातात. आमच्या पोरांनी ते पाहिल्यावर कुठल्या थरावर खणायचं यावरचं भांडण मिटलं. मधेच लाव्हा वाहत येईल, तेव्हा क्रिएटिव्ह मोडमध्येच पाहा. खऱ्या जगात केलंत तर ती चोरी, असा आमच्या घरचा नियम आहे.

एक मुलगा सारखा टीएनटी ठेवतो. ते आपोआप निघून जाईल असं काही?

रिपीटिंग प्रकारचा कमांड ब्लॉक (आत लिहिलेली कमांड पुन्हा पुन्हा चालवणारा ब्लॉक) ठेवा, 'नेहमी चालू' करा आणि त्यात भोवतालच्या खोक्यासाठी 'एअर रिप्लेस टीएनटी' लिहा. ठेवल्या क्षणी ब्लॉक गायब. पेटवलेला टीएनटी मात्र ब्लॉक राहत नाही. तो एन्टिटी (ब्लॉक नसलेली, हलू शकणारी वस्तू) होतो आणि फिल त्याला ओळखत नाही. त्यासाठी दुसऱ्या ब्लॉकमध्ये /किल @ई[टाइप=टीएनटी] ठेवा. कमांड ब्लॉक हातात घ्यायला /गिव्ह @एस कमांड_ब्लॉक लिहा, आणि जुन्या आवृत्तीचा सर्व्हर असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कमांड ब्लॉकना परवानगी द्यावी लागते. त्या मुलाशी बोलून पाहणं हाही एक उपाय आहे, आमच्याकडे तो चालला नाही.

वर्ल्डएडिट वापरावं का?

हे गेमला वेगळं जोडायचं साधन आहे. जावावर वारंवार साफसफाई करत असाल तर नक्की. लाकडी कुऱ्हाडीने दोन कोपरे टिचकायचे आणि //रिप्लेस ग्रॅव्हल एअर. चुकलं तर //अंडू. त्या एका शब्दासाठीच मी ते बसवलं. तळ्यासाठी //ड्रेन आहे, आणि त्याला -डब्ल्यू जोडलं की जिन्यांत मुरलेलं पाणीही उपसलं जातं.

एक सावधगिरी : इथे क्रम उलटा आहे. फिलमध्ये आधी 'काय ठेवायचं' आणि मग 'काय हटवायचं'. वर्ल्डएडिटमध्ये आधी हटवायचं, मग ठेवायचं. जुन्या सवयीने //रिप्लेस एअर ग्रॅव्हल लिहिलंत तर निवडलेल्या भागातली सगळी हवा खडी होते आणि तुम्ही आत गाडले जाता.

वाटेत काहीच नाही, तरी पुढे जाता येत नाही. काय काढू?

बॅरियर असेल. तो अदृश्य ब्लॉक आहे, कुणीतरी ठेवून विसरलेलं असतं. क्रिएटिव्हमध्ये हातात बॅरियर घेतलात की जवळपासचे सगळे दिसू लागतात. मग नेहमीसारखंच, एअर रिप्लेस बॅरियर. फक्त ते का ठेवले होते ते आधी विचारा. आमच्याकडे गाई कड्यावरून पडू नयेत म्हणून होते.